मर्थर मतदारसंघाची ‘परंपरा’ : एक परीक्षण

दक्षिण वेल्समधील मर्थर टिड्‌विल या लोखंडाच्या व कोळशाच्या शहरासंबंधानें जें लेखन झालें आहे, त्यांत ग्लॅनमोर विल्यम्स यांनीं संपादिलेल्या व १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मर्थर पॉलिटिक्स’ या लहानशा निबंधसंग्रहास मानाचें स्थान आहे. ग्रंथाचें उपनांव ‘एका कामकरी वर्गाच्या परंपरेची घडण’ अशा अर्थाचें आहे. आंत चार निबंध आहेत. ग्विन विल्यम्स यांनीं डिक पेंडेरिनचें मर्थर वर्णिलें आहे, यूअन ग्विनेथ जोन्स यांनीं हेन्री रिचर्ड यांचें, केनेथ मॉर्गन यांनीं केर हार्डी यांचें. आणि शेवटीं विसाव्या शतकाविषयीं एक पुरवणीवजा निबंध आहे. लेखक सर्व अधिकारी आहेत व त्यांच्या व्यासंगाविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. ग्रंथ नवा नव्हे. परंतु १९१८ सालीं वेगळीं झालेलीं मर्थर व ॲबरडेर हीं दोन शहरें २०२४ सालच्या पार्लमेंटच्या निवडणुकीसाठीं पुन्हां एका मतदारसंघांत घातलीं गेलीं, आणि त्यामुळें जुन्या मतदारसंघाचा इतिहास पुनः तपासण्यास योग्य प्रसंग आला आहे, असें आम्हांस वाटतें.

आमचा वाद मुख्यतः त्या उपनांवाशीं आहे, आणि ग्रंथकारांपेक्षांही त्या उपनांवाचा जो सैल उपयोग पुढें होत आला त्याच्याशीं आहे. १८३१चा उठाव, १८६८चा विजय, १९००चा विजय हीं तीन शिखरें एका रेषेनें जोडावयाचीं, त्या रेषेस परंपरा म्हणावयाचें, आणि जीं वर्षें रेषेवर येत नाहींत त्यांस अपवाद म्हणून बाजूस सारावयाचें, ही रीत आपल्या बखरकारांच्या रीतीहून फारशी निराळी नाहीं. बखरींत पुरुषामागून पुरुष येतो व मधलीं वर्षें गळतात. बखर टाकाऊ असते असें आम्ही म्हणत नाहीं. तीस अस्सल कागदाची कसोटी लावावी लागते, एवढेंच आमचें म्हणणें आहे. निवडणुकीच्या इतिहासांत हा अस्सल कागद म्हणजे मतांचा आंकडा होय. तो मर्थरच्या बाबतींत विपुल उपलब्ध आहे, पण तो वाचावयाचा कसा याविषयीं फार हयगय झालेली आहे.

आरंभीं मतदारसंघाची हद्द पाहूं. १८३१ सालच्या जूनमध्यें मर्थर येथें कामगारांचा उठाव झाला, आणि त्याच वर्षीं १३ ऑगस्ट रोजीं डिक पेंडेरिन यास कार्डिफ येथें फांशी देण्यांत आलें. पुढील सालच्या सुधारणा-कायद्यानें मर्थरला पार्लमेंटांत एक जागा मिळाली. ही जागा उठाव करणाऱ्यांना मिळाली असें मात्र कोणीं समजूं नये. शहराची वस्ती वीस हजारांवर असतां मतदार होते ५०२; आणि त्यांचे पहिले प्रतिनिधि झाले ते डाउलेस येथील प्रचंड लोखंडी कारखान्याचे मालक जॉन गेस्ट. ते १८५२ सालीं वारले तोंपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच होती. त्यांच्यामागून हेन्री ऑस्टिन ब्रूस आले. म्हणजे ज्या परंपरेचा आरंभ फांशीच्या दोरापासून धरतात, तिच्या पहिल्या छत्तीस वर्षांत कामकरी माणसाचा हात मतदानापर्यंत पोंचलाच नव्हता. दुसरें असें कीं ‘मर्थर’ या नांवाखालीं मतदारसंघांत शेजारच्या खोऱ्यांतील ॲबरडेरही होतें, व पुढें माउंटन ॲशही आलें. मर्थर हें लोखंडाचें जुनें गांव, ॲबरडेर हें कोळशानें वाढलेलें नवें गांव. दोहोंची प्रकृति एक नव्हती. हा भेद पुढें फार उपयोगीं पडणार आहे, म्हणून तो येथेंच नोंदवून ठेवतों.

१८६७च्या कायद्यानें दोन मोठे फेरबदल झाले. मतदार १,३८७ होते ते १४,५७७ झाले, म्हणजे दसपटीहून अधिक वाढले. आणि मर्थरला एकाऐवजीं दोन जागा मिळाल्या. प्रत्येक मतदारास दोन मतें आलीं. तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. मात्र एकच मत देऊन दुसरें वायां घालवण्यास मोकळीक होती. अशा एकट्या मतास आम्ही पुढें ‘एकेरी मत’ म्हणूं, व दोघांस दिलेल्या मतांस ‘जोडमत’. १८६८ सालीं ब्रूस, ॲबरडेरचे लोखंडवाले रिचर्ड फॉदरगिल आणि शांतता-मंडळाचे चिटणीस हेन्री रिचर्ड असे तिघे उभे होते. निकाल असा लागला : रिचर्ड ११,६८३, फॉदरगिल ७,४३९, ब्रूस ५,७७६. ब्रूस पडले, परंतु ग्लॅडस्टननीं त्यांस गृहमंत्री केलें आणि स्कॉटलंडांतील दुसऱ्या मतदारसंघांतून ते पार्लमेंटांत आले.

आतां या आंकड्यांचें काय केलें जातें तें पाहा. निकालांच्या कोष्टकांत एकंदर मतें २४,८९८ धरून रिचर्ड यांच्या नांवापुढें शेंकडा ४६.९ असा भाग लिहिण्याची चाल आहे. वाचणारास सहजच वाटतें कीं, निम्म्याहून कमी लोक त्यांच्या बाजूस होते. हें सर्वस्वीं चूक आहे. २४,८९८ हीं मतें आहेत, माणसें नव्हत. सर्वांनीं जोडमतें दिलीं असें धरलें तर मत देणारीं माणसें १२,४४९ होतात. आणि यादींतील एकूणएक मतदार आला असें धरलें तरी तीं १४,५७७ च्या वर जात नाहींत. म्हणजे रिचर्ड यांस मत देणारांचें प्रमाण मत देणारांपैकीं शेंकडा ८० हून कमी असूं शकत नाहीं, आणि शेंकडा ९३ पर्यंत असूं शकतें. एका छापील शेंकडेवारीनें पांचांपैकीं चार माणसांचा कौल निम्म्याखालीं ढकलला आहे! रिचर्ड यांचा विजय परंपरावादी लेखक सांगतात त्याहूनही मोठा होता, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

पण याच गणिताची दुसरी बाजू परंपरेला सोयीची नाहीं. रिचर्ड व फॉदरगिल यांचीं मतें मिळविलीं तर १९,१२२ होतात. मतदार होते १४,५७७. तेव्हां निदान ४,५४५ माणसांनीं तरी या दोघांनाही मतें दिलीं असलीं पाहिजेत; मतदानास न आलेल्यांची संख्या जितकी अधिक धरावी तितका हा आंकडा वाढेल, कमी होणार नाहीं. म्हणजे फॉदरगिलना मिळालेल्या मतांपैकीं दहांत सहांहून अधिक मतें रिचर्ड यांच्याच मतदारांचीं होतीं. त्याच रीतीनें रिचर्ड व ब्रूस यांना मिळून मत देणारे निदान २,८८२ निघतात. कामकरी वर्गाचा उठाव म्हणून ज्या निवडणुकीचें वर्णन होतें, तींत त्या कामकऱ्यांतील हजारों लोकांनीं आपलें एक हात चॅपलच्या उपदेशकास व दुसरा कारखान्याच्या धन्यास दिला. यांत विसंगति आहे असें आम्ही म्हणत नाहीं. प्रस्थापित चर्चबाहेरील पंथांचा अभिमान, वेल्श भाषेचा अभिमान, खाणींतील दुहेरी पाळीच्या प्रश्नावर ब्रूसविषयीं आलेला राग, आणि रोजची भाकर देणारा मालक, या सर्वांना एकाच माणसाच्या मनांत जागा होती. विसंगति आहे ती इतिहासकाराच्या एकेरी शब्दांत.

१८७४ सालची निवडणूक तर परंपरेच्या कथेंत अगदीं धांवती येते. त्या वर्षीं खाणकामगारांच्या संघाचे टॉमस हॅलिडे प्रत्यक्ष कामगारांचे उमेदवार म्हणून उभे राहिले. मतदान आतां १८७२च्या कायद्यानें गुप्त झालें होतें. धन्याची भीति हें कारण पूर्वीइतकें पुढें करतां येत नाहीं. तरीही रिचर्ड ७,६०६, फॉदरगिल ६,९०८ व हॅलिडे ४,९१२ असा निकाल लागला. सहा वर्षांपूर्वी क्रांति करणारा मतदारसंघ कामगार-पुढाऱ्यास तिसरा ठेवून लोखंडवाल्यास पुनः निवडतो, याचा उलगडा परंपरेच्या सूत्रानें होत नाहीं.

आतां १९०० सालाकडे येतों, कारण सर्व इमारत येथें उभी आहे. १८८८ सालीं दोन्ही जागा पोटनिवडणुकींनीं भरल्या गेल्या व डी. ए. टॉमस आणि प्रिचर्ड मॉर्गन हे दोघे उदारमतवादी आले. टॉमस हे मोठे खाणमालक, मॉर्गन हे सोन्याच्या खाणींचे उद्योगी. दोघांचें एकमेकांशीं वैर जगजाहीर होतें. १८९५ सालीं टॉमस ९,२५०, मॉर्गन ८,५५४ व हुजूर पक्षाचे लुइस ६,५२५ असे आंकडे होते. मजुरांच्या नांवानें उभे राहिलेले ॲलन अपवर्ड यांस अवघीं ६५९ मतें पडलीं. त्यानंतर १८९८ सालीं दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींत सहा महिन्यांची टाळेबंदी झाली आणि तिच्या पोळलेल्या भूमींत स्वतंत्र मजूर पक्षाच्या शाखा रुजल्या. १९०० सालच्या फेब्रुवारींत लंडनमध्यें मजूर-प्रतिनिधित्व समितीची स्थापना झाली व ऑक्टोबरांत बोअर युद्धाच्या धामधुमींत निवडणूक आली. हार्डी त्याच वेळीं प्रेस्टन येथेंही उभे होते. तेथें पराभूत होऊन ते मतदानाच्या अगदीं तोंडावर मर्थर मतदारसंघांत आले. निकाल : टॉमस ८,५९८, हार्डी ५,७४५, मॉर्गन ४,००४.

या निवडणुकीची जोडीवार मोजणी सुदैवानें उपलब्ध आहे. आणि तिच्यासारखा बोलका कागद या मतदारसंघाच्या इतिहासांत दुसरा नाहीं. टॉमस यांस एकेरी मतें २,०७०, हार्डी यांस ८६७, मॉर्गन यांस १,४७२. टॉमस-हार्डी जोडमतें ४,४३७, टॉमस-मॉर्गन २,०९१ आणि हार्डी-मॉर्गन ४४१. वाचकांनीं बेरजा करून पाहाव्या; तिघांचेही आंकडे बिनचूक जमतात. मत देणारीं माणसें ११,३७८ निघतात.

या कागदावरून पहिली गोष्ट अशी दिसते कीं, कोष्टकांत हार्डी यांच्या नांवापुढें शेंकडा ३१.३ असा जो भाग येतो तो पुनः फसवा आहे. ११,३७८ माणसांपैकीं ५,७४५ जणांनीं त्यांस मत दिलें, म्हणजे शेंकडा ५०.५, निम्म्याहून थोडें अधिक. ‘तिसऱ्या हिश्शावर निवडून आलेला समाजवादी’ असें जर कोणीं त्यांस म्हणेल तर तें खोटें ठरतें. परंतु दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. हार्डींच्या मतांपैकीं ४,४३७, म्हणजे शेंकडा ७७, हीं मतें अशा हातांनीं दिलेलीं आहेत कीं ज्यांनीं त्याच पत्रिकेवर खाणमालक टॉमस यांच्या नांवासमोरही खूण केली. केवळ हार्डी आणि दुसरा कोणी नाहीं असें म्हणणारे ८६७. पांच वर्षांपूर्वींच्या अपवर्डांच्या ६५९ शीं हा आंकडा ताडून पाहिला म्हणजे मनुष्य थोडा गंभीर होतो.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत निर्णायक वाटते. टॉमस यांस ज्यांनीं मत दिलें नाहीं असे लोक २,७८० होते. त्यांच्यापुरतें पाहिलें तर हार्डींना ८६७ आणि ४४१ मिळून १,३०८, व मॉर्गनना १,४७२ आणि ४४१ मिळून १,९१३. म्हणजे टॉमस यांच्या छायेबाहेर मॉर्गन हेच हार्डींच्या पुढें होते! हार्डींची जागा निश्चित केली ती टॉमस यांच्या मतदारांनीं आपल्या दुसऱ्या मतानें. त्यांनीं तें हार्डींना ४,४३७ व मॉर्गनना २,०९१ असें दिलें. याच्या जोडीला हेंही लक्षांत घेतलें पाहिजे कीं, १९०० सालीं हुजूर पक्षाचा उमेदवार नव्हता; १८९५ सालीं ज्यांनीं त्या पक्षास ६,५२५ मतें दिलीं त्यांस या तिघांतूनच निवड करणें किंवा घरीं बसणें भाग होतें.

येथें एक सावधगिरी घ्यावी लागते व ती घेतली नाहीं तर आम्हीही उलट बाजूच्या बखरकारांत जमा होऊं. मतपत्रिकेवर दोन खुणा असतात, त्यांत पहिली कोणती व दुसरी कोणती हें लिहिलेलें नसतें. ४,४३७ जणांनीं ‘टॉमस, आणि मॉर्गन नको म्हणून हार्डी’ असा विचार केला, कीं ‘हार्डी, आणि दुसरें मत वायां कां घालवा म्हणून टॉमस’ असा केला, हें पत्रिका सांगत नाहीं. तेव्हां हार्डी हे टॉमस यांच्या कृपेनें आले, हें विधान आणि मर्थरनें समाजवादास कौल दिला, हें विधान, दोन्हींही पुराव्याच्या पुढें धांवतात. पुरावा इतकेंच म्हणतो कीं, उदारमतवादी व मजूरपक्षीय ही भिंत इतिहासकारांच्या पुस्तकांत जितकी उंच आहे तितकी ती मर्थरच्या मतदाराच्या मनांत नव्हती. केनेथ मॉर्गन यांनीं पुढें १९७५ सालीं लिहिलेल्या हार्डी-चरित्रांत जुन्या उदारमतवादी सुधारकांशीं हार्डींचा जो संबंध दाखविला आहे, त्यास या आंकड्यांनीं बळकटीच येते. उपनांवांतील ‘कामकरी वर्गाची’ या विशेषणास मात्र येत नाहीं. आणखी एक गोष्ट सांगतों. १९०० सालीं नव्या समितीचे जे दोघेच उमेदवार निवडून आले त्यांतले दुसरे रिचर्ड बेल हे डर्बीहून आले; आणि डर्बीसही दोन जागा होत्या. दोन मतांच्या पद्धतीवांचून १९०० सालीं मजूर पक्षाचें पार्लमेंटांतील पाऊल पडलें असतें कीं काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आमच्या वाचकांस हा सर्व हिशेब परका वाटण्याचें कारण नाहीं. १९५२ व १९५७च्या निवडणुकींत आपल्याकडेही द्विसदस्य मतदारसंघ होते. १९६१च्या कायद्यानें ते मोडले. १९५२ सालीं उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघांत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर १,२३,५७६ मतें घेऊन काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनीं पडले, आणि दुसरें मत वायां घालवण्याचा वाद त्या वेळीं किती तीव्रतेनें झाला हें सर्वश्रुत आहे. तेथेंही निवळ बेरजा पाहून मतदारांच्या मनाविषयीं बोलणारे पुष्कळ आढळतात.

१९०६ ते १९१० हा काळ आम्ही थोडक्यांत आटोपतों. १९०६ : टॉमस १३,९७१, हार्डी १०,१८७, उदारमतवादी रॅडक्लिफ ७,७७६. १९१० जानेवारी : एडगर जोन्स १५,४४८, हार्डी १३,८४१, हुजूर पक्षाचे फॉक्स-डेव्हिस ४,७५६, व पुनः उगवलेले प्रिचर्ड मॉर्गन ३,६३९. १९१० डिसेंबर : जोन्स १२,२५८, हार्डी ११,५०७, वॉट्स ५,२७७. चार निवडणुका हार्डींनीं जिंकल्या व चारही वेळां ते दुसरे आले. पहिल्या स्थानीं प्रत्येक वेळीं एक उदारमतवादी होता. ‘हार्डींचें मर्थर’ हा शब्दप्रयोग करतांना ही साधी गोष्ट दृष्टीआड होऊं नये.

या ठिकाणीं हिंदुस्थानचा थोडा संबंध येतो. हार्डी १९०७ सालीं हिंदुस्थानांत आले. बंगालमधील त्यांच्या भाषणांवर विलायती पत्रांनीं राजद्रोहाचा गदारोळ केला. १९०९ सालीं त्यांनीं हिंदुस्थानविषयीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. आपणांस त्यांजविषयीं कृतज्ञता वाटते ती योग्यच आहे. परंतु त्यावरून त्यांच्या मतदारसंघाने हिंदुस्थानच्या बाजूनें कौल दिला असें जें अनुमान सहज काढलें जातें, त्यास आधार नाहीं. १९१०च्या जानेवारींत हार्डींचीं मतें १९०६ पेक्षां वाढलीं हें खरें. पण त्यांच्याबरोबर पहिल्या उमेदवाराचींही वाढलीं. एका प्रतिनिधीचें उदार मन आणि त्यास निवडणाऱ्या हजारोंचें मन या दोन वस्तु आहेत.

हार्डी २६ सप्टेंबर १९१५ रोजीं वारले. दोन महिन्यांनीं पोटनिवडणूक झाली. युद्धकाळच्या तहामुळें मोठ्या पक्षांनीं उमेदवार दिले नाहींत. मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार खाणकामगारांचे पुढारी जेम्स विन्स्टन होते. त्यांच्याविरुद्ध खाणकामगारांचेच दुसरे पुढारी चार्ल्स स्टँटन कडवे युद्धवादी म्हणून उभे राहिले व १०,२८६ विरुद्ध ६,०८० मतांनीं निवडून आले. परंपरेच्या कथेंत हा प्रसंग विश्वासघाताचा किंवा युद्धज्वराचा म्हणून येतो. हार्डींचीं ११,५०७ मतें विन्स्टनपाशीं ६,०८० झालीं, म्हणजे निम्मे अनुयायी फितूर झाले, असा हिशेब आम्हीं ऐकला आहे. तो हिशेब चुकीचा आहे. ११,५०७ हीं दोन मतांच्या पद्धतींतलीं, ६,०८० हें एका मताच्या पद्धतींतलें. दोहोंची तुलना होऊं शकत नाहीं. हार्डींच्या मतदारांपैकीं जे मोठ्या संख्येनें दुसरें मत उदारमतवाद्यास देत आले, त्यांना १९१५ सालीं प्रथमच एका नांवावर बोट ठेवावें लागलें. कोणी फितूर झाला कीं नाहीं हें त्यावरून ठरत नाहीं. ते पूर्वीं कोणाचे होते हेंच मुळीं ठरलेलें नव्हतें.

१९१८ सालीं मतदारसंघ फोडून मर्थर व ॲबरडेर अशा दोन एक-सदस्य जागा झाल्या, आणि आरंभीं आम्हीं नोंदवून ठेवलेला भेद आतां उपयोगीं पडतो. हार्डींचें बळ ॲबरडेरच्या खाणवस्तींत होतें असें सर्वच लेखक मानतात. त्या ॲबरडेरांत स्टँटन यांस २२,८२४ व शांततावादी पाद्री-कवि टी. ई. निकोलस यांस ६,२२९ मतें पडलीं. शेंकडा ७८ हून अधिक मतें युद्धवाद्यास. उलट जुन्या लोखंडी मर्थरांत संयुक्त सरकारच्या बाजूचे एडगर जोन्स यांस १४,१२७ व विन्स्टन यांस १२,६८२. केवळ १,४४५ मतांचें अंतर. मजुरांचा बालेकिल्ला म्हणून ज्याची ख्याति तें खोरें पूर्ण पलटलें आणि ज्यास मागासलेलें समजत तें शहर काठावर राहिलें. मतदारांची यादी १९१८च्या कायद्यानें फार वाढलेली होती हें ध्यानांत घेऊनही, हा आंकडा परंपरेच्या ग्रंथांत मध्यभागीं यावयास पाहिजे होता. पुरुषांच्या नांवानें निबंध विभागले म्हणजे असे आंकडे दोन निबंधांच्या फटींत पडतात. हार्डी १९१५ सालीं संपतात व विसावें शतक पुरवणीत जातें.

१९२२ सालीं वॉलहेड निवडून आल्यापासून मर्थरची जागा मजूर पक्षाकडे गेली. १९३१ सालीं त्यांस २४,६२३ व मोस्लीच्या नव्या पक्षाचे सेलिक डेव्हिस यांस १०,८३४ मतें मिळालीं. हा त्या पक्षाचा देशांतील सर्वांत चांगला आंकडा म्हणून मर्थरवर फॅसिस्टपणाचा डाग लावणारेही आढळतात. परंतु दोघांशिवाय तिसरा उमेदवारच नव्हता! वॉलहेड नको असणाऱ्या प्रत्येकास दुसरी वाट नव्हती. आणि मोस्लीचा फॅसिस्ट संघ निघाला तो पुढील सालीं.

१९३४च्या जूनमध्यें वॉलहेड यांच्या मृत्यूनें पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाचे एस. ओ. डेव्हिस १८,६४५, उदारमतवादी १०,३७६, स्वतंत्र मजूर पक्षाचे कॅम्बेल स्टीफन ३,५०८, साम्यवादी वॉल हॅनिंग्टन ३,४०९. हार्डींनीं स्थापिलेल्या स्वतंत्र मजूर पक्षास हार्डींच्याच गांवीं दहांत एक मतही मिळालें नाहीं. बेकारीनें होरपळलेल्या शहरांत बेकारांच्या चळवळीचे पुढारी हॅनिंग्टन हे शेवटले आले, हेंही विचार करण्यासारखें आहे.

डेव्हिस पुढें १९७२ सालीं वारले तोंपर्यंत ती जागा सांभाळून होते. १९६६ सालच्या २१ ऑक्टोबर रोजीं याच मतदारसंघांतील ॲबरव्हॅन येथें खाणीच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर कोसळून ११६ मुलांसह १४४ जीव गेले. आणि १९६८ सालीं उरलेले ढिगारे हलविण्यासाठीं मजूर पक्षाच्या सरकारनें मृतांच्या कुटुंबांसाठीं जमलेल्या निधींतून १,५०,००० पौंड घेतले. ते परत केले गेले १९९७ सालीं. १९७० सालीं स्थानिक पक्षानें डेव्हिस यांस वयाच्या कारणावरून उमेदवारी नाकारली. ते स्वतंत्र उभे राहिले व १६,७०१ मतें घेऊन निवडून आले. अधिकृत उमेदवार टॅल लॉइड यांस ९,२३४ मतें पडलीं. १९३४ सालीं पक्षाच्या वतीनें डेव्हिस यांस शेंकडा ५१.९ मतें होतीं. १९७० सालीं पक्षाविरुद्ध शेंकडा ५१.९. हा निव्वळ योगायोग आहे व त्यावर कांहींच उभारतां येत नाहीं, पण पक्षनिष्ठेस परंपरा समजणारांनीं तो एकदां पाहून ठेवावा. ॲबरव्हॅनचा राग, म्हाताऱ्या माणसाविषयींची माया, आणि पक्षाच्या कचेरीनें परस्पर निर्णय केल्याचा अपमान, यांतील कोणता भाग किती, हें मतपेटी वेगळें करून दाखवीत नाहीं. १९७२ सालीं डेव्हिस वारल्यावर १३ एप्रिल रोजीं जी पोटनिवडणूक झाली तींत मजूर पक्षाचे टेड रोलंड्‌स १५,५६२ व वेल्श राष्ट्रीय पक्षाचे एमरिस रॉबर्ट्‌स ११,८५२ असा निकाल लागला. दोनच वर्षांपूर्वीं त्या राष्ट्रीय पक्षास ३,०७६ मतें होतीं. डेव्हिसच्या १६,७०१ पैकीं किती त्याच्याकडे गेलीं व किती मजूर पक्षाकडे परतलीं, हें तपासावयाचें असेल तर १९०० सालच्या जोडीवार मोजणीसारखा कागद येथें नाहीं. एका मताच्या पद्धतींत तसा कागद उत्पन्नच होत नाहीं. तेवढ्यापुरतें जुन्या मर्थरचें मन आपणांस नव्या मर्थरच्या मनापेक्षां अधिक स्पष्ट वाचतां येतें.